हिकरीचं धनुष्य आणि बेदाण्याची हवा

हिकरीचं, म्हणजे अमेरिकेतल्या एका चिवट लाकडाचं, धनुष्य करायला घ्यायचं तर आधी महिना ठरवा, लाकूड नंतर. मी उलटं केलं होतं. खंडेनवमीला आपल्या हातचं धनुष्य पूजेत मांडायचं, या हौसेपायी भर श्रावणात फळी आणली. बाहेर झड लागलेली आणि मी पडवीत रंधा मारतोय. धनुष्य झालं, झेंडूची माळ घालून पूजेतही बसलं. पण दोरी उतरवली तरी ते सरळ होईना. चार इंचांचा बाक तसाच राहिला, मोळ्या वाहून वाकलेल्या गड्यासारखा. त्यातून सुटलेला बाण पंचवीस पावलांवर गवतात आडवा व्हायचा.

दोष लाकडाचा नव्हता. हिकरी हवेतलं पाणी ओढून घेते, आणि ओली हिकरी वाकवली की वाकलेलीच राहते. तीच कोरडी असली तर चिवटपणात तिचा हात धरणारी लाकडं थोडी, आणि नवशिक्याच्या चुकाही ती पुष्कळ पोटात घालते. धनुष्यासाठी तिच्यात वजनाच्या सहा ते आठ टक्के एवढंच पाणी असावं.

तासगावात माझ्या मामांचं बेदाण्याचं शेड आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात बेदाणा होतो तो फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यावर. जाळीवर पसरलेली द्राक्षं पंधरा-वीस दिवसांत सुकून खुळखुळतात. माझं वाकडं धनुष्य बघून मामा म्हणाले, "आरं, द्राक्षातलं पाणी काढणारी हवा लाकडातलं काढंना व्हय?" दुसरी फळी मी माघात आणली आणि शेडच्या एका कोपऱ्यात दोन पट्ट्यांवर आडवी ठेवली. ऊन नाही, वारा चारी बाजूंनी, आणि द्राक्षांवरून ठिबकणारं डिपिंग ऑइल (सुकवण्याआधी द्राक्षं ज्यात बुडवतात ते) लागणार नाही एवढी लांब. आणली तेव्हा तिचं वजन १ किलो ३८० ग्रॅम होतं. तीन आठवड्यांनी १ किलो ३१० ग्रॅम झालं, आणि पुढचे आठ दिवस तिथंच थांबलं. वजन थांबलं की लाकूड तयार. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम, नाहीतर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. साताऱ्यात जावळी-महाबळेश्वरकडं राहणाऱ्यांनी फळी सरळ माण-खटावातल्या पाहुण्यांकडं ठेवावी. पाहुणे हसतील, हसू द्या.

फळी निवडताना

हिकरी आपल्याकडं उगवत नाही. ती मुख्यतः उत्तर अमेरिकेतली, अक्रोडाच्या कुळातली. सुक्या मेव्याच्या दुकानात मिळणारा पेकान तिचाच सख्खा. कुऱ्हाडीचे आणि हातोड्याचे दांडे, ड्रम वाजवायच्या काठ्या, जुन्या काळच्या गोल्फच्या काठ्या तिच्या. त्या खंडाच्या पूर्वेकडच्या जंगलांत राहणाऱ्या मूळच्या लोकांनी तिची धनुष्यं केली. वाळलेल्या हिकरीचं वजन घनमीटरला ८०० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे सागवानापेक्षा बरीच जड.

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी परदेशी लाकडाच्या व्यापाऱ्यांकडं चौकशी करा. हिकरी आणि पेकान पुष्कळदा एकाच थप्पीत असतात. धनुष्याला दोन्ही चालतात. अडचण वेगळीच आहे. तुम्हाला एकच फळी हवी असते आणि तीही थप्पी उपसून. माझ्यावर एक दुकानदार भडकला होता, "साहेब, दाराच्या फळ्या घेणारेसुद्धा एवढं बघत नाहीत." बघायचंच. लाजायचं नाही, कारण धनुष्य मोडणार की टिकणार याचा निम्मा निकाल दुकानातच लागतो.

बघायचं ते रेषांकडं. हिकरीच्या वर्षवलयांमध्ये बारीक छिद्रांच्या काळपट रेघा असतात. फळीच्या रुंद बाजूवर त्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत. मध्येच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर धनुष्य त्या जागी मोडेल, आज नाहीतर पन्नासाव्या बाणाला. मग फळी उभी करून अरुंद कडेच्या रेघाही तशाच तपासा. बहुतेक जण इथं चुकतात. वरून फळी सुंदर दिसते आणि कडेला रेघा एका रुंद बाजूतून दुसरीत उतरत असतात. गाठ नको, चीर नको, पिरगळ नको. रंगाकडं बघू नका. पांढरट हिकरी आणि तांबूस हिकरी, दोन्हींचं धनुष्य होतं.

"आपली धामण सोडून अमेरिकेचं लाकूड कशाला?" हे मला दर वेळी ऐकावं लागतं. प्रश्न रास्त आहे. धामण लवचीक असते, तिला संस्कृतात धन्वन म्हणतात, त्यातच सगळं आलं. पण ती कापून, सुकवून, सरळ फळीच्या रूपात बाजारात मिळत नाही, आणि रानातलं झाड परवानगीशिवाय तोडायचं नाही. बांबूचा तिरकामठा लहानपणी आपण सगळ्यांनीच केलाय. चांगलं बांबूचं धनुष्य मात्र करवतीपेक्षा कोयत्याचं काम आहे आणि त्याची शिस्त निराळी. पहिल्या धनुष्याला सरळ रेघांची हिकरीची फळी सोपी, एवढंच माझं म्हणणं.

मापं, सुताच्या हिशेबात

आधी स्वतःची ओढ काढा, म्हणजे बाण मारताना दोरी किती मागं खेचता ते अंतर. दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटापासून मधल्या बोटापर्यंत इंचांत मोजा आणि अडीचनं भागा. ७० आलं तर ओढ २८ इंच. आणि भार, म्हणजे पूर्ण ओढीला लागणारा जोर? पहिल्या धनुष्याला ३५ पौंड पुष्कळ झाला, म्हणजे सुमारे १६ किलो. तालमीत जाणारा गडी हसेल. त्याला तीस बाण सलग मारायला सांगा.

२८ इंच ओढीसाठी फळी ६८ इंच लांब, २ इंच रुंद, सहा सूत जाड. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे सुताराला सांगायला लागत नाही, आपल्याला लागतं. कोणती बाजू पाठ, कोणती पोट, हे आताच ठरवून पेन्सिलनं लिहा. पाठ निशाणाकडं, पोट आपल्याकडं. ज्या बाजूच्या रेघा जास्त सरळ ती पाठ. धनुष्य ओढलं की पाठीला ताण बसतो आणि पोट दाबलं जातं. हिकरी ताण सोसण्यात पटाईत आहे, दाब सोसण्यात तेवढी नाही. म्हणून हिकरीचं धनुष्य रुंद आणि चपटं करतात, गोल काठीसारखं नाही.

पाठीवर टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून मधली रेघ आखा. बरोबर मध्यात ४ इंच मूठ, तिच्या दोन्ही बाजूंना २-२ इंच उतार. तिथून पुढं प्रत्येक बाजूला ३० इंचांचं पातं. रुंदी उतारापासून पात्याच्या निम्म्यापर्यंत पावणेदोन इंच ठेवायची, मग टोकाकडं निमुळती करत अर्ध्या इंचावर आणायची. मुठीपाशी रुंदी सव्वा इंच. (धनुर्विद्येच्या मैदानावर पोरं पात्याला लिंब म्हणतात. मला लिंब म्हटलं की साताऱ्याजवळचं बारा मोटांच्या विहिरीचं गाव आठवतं, म्हणून मी आपलं पातंच म्हणतो.)

करवतीनं रेघेच्या बाहेरून कापा, मग रंध्यानं रेघेपर्यंत या. हिकरी रंध्याची धार खाते. दर अर्ध्या तासाला रंध्याचं पातं दगडावर घासायची तयारी ठेवा. रंधा लाकूड उपटायला लागला तर दिशा बदला, तरी उपटला तर कानस घ्या. आमच्या गल्लीतल्या सुतार आण्णांनी मशीनवर दहा मिनिटांत काढून देतो म्हणून तीनदा विचारलं. रुंदी कापायला मशीन चालेल. जाडीला नको.

मुठीच्या जागी पोटावर त्याच हिकरीचा ८ इंच लांब, सहा सूत जाड तुकडा चिकटवायचा. दोन्ही पृष्ठभाग अगदी सपाट, धूळ पुसलेले, इपॉक्सी किंवा चांगला वॉटरप्रूफ लाकडी गोंद, चार क्लॅम्प, एक दिवस विश्रांती. वाळल्यावर त्याचे दोन्ही उतार घसरगुंडीसारखे गोलसर काढून टोकाशी कागदासारखे पातळ करा. मूठ वाकता कामा नये. उतार आखूड किंवा उभा राहिला तर वाकण्याचा सगळा जोर चिकटवलेल्या जोडावर येतो आणि तुकडा टक्कन सुटतो.

आता पात्यांची जाडी: उताराशी पाच सूत, टोकाला चार सूत, मध्ये हळूहळू उतरत. लाकूड काढायचं ते पोटाकडूनच. पाठीवरचे करवतीचे ओरखडे फक्त लांबीच्या दिशेनं पॉलिश पेपर फिरवून घालवा आणि मग तिला विसरा. सगळ्या कडा पेन्सिलीच्या गोलाईएवढ्या गोल करा. चीर नेहमी धारदार कडेवरून सुरू होते.

वाकवणं

इथपर्यंत जे झालं ते सुतारकाम. धनुष्य इथून पुढं. दोन्ही पाती सारखी, आणि प्रत्येक पातं आपल्या सगळ्या लांबीत वाकलं पाहिजे. या कामाला टिलरिंग म्हणतात. माझ्या अनुभवात सगळ्या वेळेतला दोन तृतीयांश वेळ इथं जातो, आणि जायलाच हवा.

सुरुवात जमिनीवर. एक टोक पायाजवळ टेकवा, मूठ एका हातात, दुसऱ्या हातानं वरचं टोक धरून मुठीवर दाब द्या. खालचं पातं थोडं वाकताना दिसलं पाहिजे. कुठं सपाट राहतंय, कुठं कोपरासारखं दुमडतंय ते बघा. दोन-तीन इंच सहज वाकेपर्यंत कानशीनं पोट उतरवत राहा, पाती अदलून बदलून.

मग टोकापासून पाऊण इंचावर दोरीच्या खाचा. बाजूनं तिरक्या, गोल कानशीनं, दोरी बसेल एवढ्याच. पाठीवर खाच नेऊ नका.

पुढं भिंत आणि कप्पी लागते. विहिरीवरची जुनी कप्पी मिळाली तर सोन्याहून पिवळं. भिंतीवर उभी फळी ठोकून तिच्या वरच्या टोकावर धनुष्याची मूठ ठेवायची, पोट खाली. दोन्ही खाचांमध्ये सैल लांब दोरी. दोरीला ५० किलोपर्यंतचा लटकता काटा, काट्याला दोर, दोर खालच्या कप्पीतून फिरवून तुमच्या हातात. तुम्ही दहा फूट लांब, एका बाजूला उभं राहून ओढायचं आणि बघायचं. डोळ्यांवर चष्मा लावा. मोडलेलं पातं कुठं जाईल ते सांगता येत नाही.

नियम एकच, आणि तो मोडला की बाकी सगळं वाया. ३५ पौंडांचं धनुष्य हवं तर काट्यावर ३५ पौंडांच्या, म्हणजे १६ किलोंच्या वर कधीच ओढायचं नाही. सुरुवातीला १६ किलो पाच-सहा इंचांतच येतील. थांबा. वाकण बघा, दोष दुरुस्त करा, थोडं लाकूड काढा, पुन्हा ओढा. आता तोच भार आठ इंचांवर येईल. असं करत करत १६ किलो २८ इंचांवर आले की धनुष्य झालं. भाराच्या वर ओढलं की पोटाचे तंतू चेमटतात. वरून काही दिसत नाही, बाक मात्र कायमचा राहतो.

वाकण तपासायला मोबाइल उपयोगी पडतो. स्टँडवर ठेवा, ओढलेल्या धनुष्याचा फोटो काढा, मग तोच फोटो आरशासारखा उलटा करून दोन्ही पाती ताडून बघा. आणखी एक युक्ती: सहा इंचांचा सपाट ठोकळा घ्या, मध्ये भोक पाडून त्यात पेन्सिल घट्ट बसवा. धनुष्य थोडं वाकवून कप्पीवर अडकवा आणि ठोकळा पोटावरून सरकवा. पातं जिथं सर्वांत जास्त वाकलंय तिथं टोक जेमतेम टेकणार नाही एवढी पेन्सिल पुढं काढायची. मग ती जिथं जिथं रेघ ओढेल ती जागा ताठ. तिथंच खरवडायचं, दुसरीकडं नाही. जिथं जास्त वाकतंय तिथं हात लावायचा मोह होतो, कारण नजर तिथंच जाते. तिथलं लाकूड आधीच कमी पडलंय. शेजारची ताठ जागा हलकी करा म्हणजे जास्त वाकणाऱ्या जागेवरचा भार वाटला जाईल.

लाकूड काढलं की लगेच निकाल दिसत नाही. दर वेळी खरवडल्यावर आधीच्याच ओढीपर्यंत वीस-तीस वेळा हलकेच ओढा-सोडा, मग बघा. मी आधी हे करत नव्हतो. दहा मिनिटांनी पातं हळूच आणखी वाकायचं आणि मी तोवर पुन्हा खरवडून बसलेलो असायचो.

लांब दोरीवर टोकं आठ-दहा इंच सारखी वाकली की आखूड दोरी चढवा. पहिल्यांदा मूठ आणि दोरीत तीनच इंच अंतर. वाकण ठीक वाटलं तर सहा इंच, म्हणजे मूठ वळून अंगठा उभा केला की जेवढं होतं तेवढं. दोरी मुठीच्या मध्यावरून गेली पाहिजे. इथून कानस ठेवून द्या आणि स्क्रेपर घ्या. नसला तर हॅक्सॉच्या पात्याची पाठ किंवा काटकोनात घासलेली जुनी सुरी चालते. एका फेरीत केसाएवढा भुसा निघाला पाहिजे.

पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर ती जागा चेमटतेय. ओढणं बंद करा, दोन्ही बाजूंचं लाकूड हलकं करा. पाठीवर कुसळ उभं राहिलं तर मात्र पातळ गोंद मुरवून दोऱ्यानं घट्ट आवळा आणि ते धनुष्य मोठ्या माणसाच्याच हातात द्या, तेही अर्ध्या ओढीवर. कटकट आवाज आला तर त्यावर उपाय नाही, बाजूला व्हा.

हिकरीचं पोट भाजून घेता येतं, आणि मी आता ते करतोच. जमिनीवरचं वाकवणं झालं, आखूड दोरी अजून चढलेली नाही, अशा वेळी धनुष्य सरळ पट्टीला क्लॅम्प करून हॉट एअर गननं पोट हळूहळू शेकायचं. रंग दुधाच्या चहासारखा झाला की दोन इंच पुढं. काळं झालं तर जळालं. मुठीच्या जोडाजवळ जाऊ नका, गोंद मऊ पडतो. शेकल्यावर दोन-तीन दिवस हवेत राहू द्या. अगदी कोरडं लाकूड लगेच ओढलं तर तडकतं.

दोरी, पहिले बाण

टिलरिंगला नायलॉनची दोरी चालते, बाण मारायला नाही, ती लांबते. डॅक्रॉनचा धागा धनुर्विद्येचं सामान विकणाऱ्यांकडं मिळतो. ३५ पौंडांना १२ पदरांची दोरी भरपूर होते. दोरीची ताकद धनुष्याच्या भाराच्या निदान चौपट असावी. एका टोकाला घट्ट फास, दुसऱ्या टोकाला सरकगाठ ठेवली तर लांबी कमी-जास्त करता येते. नव्या जातीचे अजिबात न ताणणारे धागे लाकडी टोकांना झेपत नाहीत, ते घेऊ नका.

साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली. तिच्या हातातलं धनुष्य कंपाउंड: टोकांना चाकं, आणि पूर्ण ओढलं की हातावरचा भार हलका होतो. लाकडाच्या धनुष्यात उलटं आहे. पूर्ण ओढीला भार सर्वांत जास्त, त्यामुळं नेम धरून वाट बघत राहायचं नाही. ओढायचं, टेकवायचं, सोडायचं. धनुष्य ओढून तसंच धरून मित्रांना दाखवत राहिलात तर बाक वाढतो.

बाण लावल्याशिवाय दोरी कधी सोडायची नाही. बाणात जाणारा सगळा जोर मग पात्यांत परत येतो. धनुष्य कुणाच्या हातात दिलं की पहिली गोष्ट तो हीच करतो, म्हणून मी आधी सांगतो, मग देतो. पहिल्या दिवशी दहा फुटांवरून अर्ध्या ओढीचे बाण. आडोसा म्हणून उसाचं पाचट ठासून भरलेली तीन पोती एकामागं एक, आणि त्यांच्यामागं मातीचा बांध. रस्त्याकडं, गोठ्याकडं तोंड नको. आणि रानातल्या ससा-तितराकडं बघायचंही नाही. शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद आहे आणि सागरेश्वर अभयारण्य आपल्या दारातच आहे.

पन्नास-शंभर बाण झाले की दोरी उतरवून बघा. इंच-दीड इंच बाक राहिला तर उत्तम काम झालंय. भार दोनेक पौंडांनी उतरलेला असेल, म्हणूनच टिलरिंग मी २७ इंचांवर थांबवतो आणि शेवटचा इंच बाणांवर सोडतो.

पॉलिश आणि पावसाळा

८०, १२०, २२० असा पॉलिश पेपर, लांबीच्या दिशेनं. जवसाचं तेल लावायचा मोह सगळ्यांना होतो, वास छान येतो आणि रेघा उठून दिसतात. पण तेल दमट हवा अडवत नाही, आणि आपली लढाई तिच्याशीच आहे. पॉलीयुरेथेनचे चार पातळ हात द्या, खाचांमध्ये आणि टोकांवर एक जादा. हे सगळं मृगाच्या आधी आटपलं पाहिजे. मुठीला चामड्याची पट्टी किंवा सुती दोरा गुंडाळा.

काम पुरं झालं की धनुष्याचं वजन करून मुठीवर आतल्या बाजूला लिहून ठेवा, पट्टी गुंडाळण्याआधी तारखेसकट. माझ्या धनुष्यावर ५४० ग्रॅम, एप्रिल असं आहे. जून ते सप्टेंबर ते दोरी उतरवून दोन खुंट्यांवर आडवं असतं, कोपऱ्यात उभं नाही. पॉलिश कितीही दिलं तरी भाद्रपदात काटा ५५५ दाखवतो. वजन वाढलेलं असताना दोरी चढवायची नाही, कुणी पाहुणा आला तरी नाही. घाईच असेल तर प्लायवूडच्या लांब खोक्यात ६० वॅटचा पिवळा बल्ब लावून आठ-दहा दिवस ठेवता येतं. मी वाट बघतो. खंडेनवमीला ते दोरीशिवायच पूजेत बसतं, आणि दिवाळी उलटून काटा पुन्हा ५४० वर आला की फास खाचेत सरकतो.